परसातील तांबडा भोपळा

मराठी भाषेने भोपळ्याला फारसा मान दिलेला नाही. परीक्षेत शून्य गुण मिळाले म्हणजे भोपळा मिळाला असे आपण म्हणतो. दोघांचे मुळीच पटत नसले म्हणजे त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य आहे असे सांगतो. आणि वाघ-कोल्ह्यांच्या तावडीतून म्हातारीला सुखरूप घरी आणणारा भोपळा आपण बालवाडीच्या उंबरठ्याबाहेर कधी येऊ दिला नाही. वास्तविक या तिन्ही ठिकाणी भोपळ्याचा एकच गुण दडलेला आहे. तो वाटोळा आहे, आतून पोकळ आहे, आणि त्याचे कवच असे टणक आहे की विळ्याला घाम फुटावा आणि वाघाला आत काय आहे याचा पत्ता लागू नये. हे कवच जितके बळकट, तितका भोपळा घरात अधिक दिवस टिकतो. ते बळकट कसे होते आणि कशाने दुबळे राहते, हे ज्याला कळले त्याला भोपळ्याची शेती कळली असे म्हणावयास हरकत नाही.

प्रथम नावांचा गोंधळ निस्तरला पाहिजे. आपल्याकडे भोपळा हा शब्द एका फळाचा नाही. दुधी भोपळा वेगळा. तंबोऱ्याला आणि सतारीला लागणारा भोपळा त्याच जातीतला. पांढरी भुकटी अंगावर वागविणारा, पेठ्याचा कोहळा हा आणखी वेगळा. येथे विषय आहे तो तांबड्या भोपळ्याचा. त्यालाच कोणी लाल भोपळा म्हणतात, कोणी डांगर, कोणी गंगाफळ, कोणी काशीफळ. आणि विदर्भात गेले तर त्यालाच कोहळे म्हणतात. महाराष्ट्राबाहेर पडलेल्या मराठी माणसाची तर मोठीच फसगत होते. दिल्लीच्या मंडईत सीताफल मागितले की पुष्कळदा विक्रेता याच तांबड्या भोपळ्याची फोड पुढे करतो. जयपुरात मात्र कद्दू किंवा काशीफल म्हटले की काम होते.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत या वर्गातील फळांचे दोन भाग करतात. जी कोवळी असतानाच खावयाची ती 'समर स्क्वॉश' आणि जी पूर्ण पिकवून साठवावयाची ती 'विंटर स्क्वॉश'. यातील दुसरे नाव ऐकून पुष्कळांची समजूत होते की हे हिवाळ्यात येणारे पीक असावे. तसे नाही. ते वाढते उन्हात आणि पावसात. हिवाळ्यात ते खावयाचे असते, म्हणून ते हिवाळी. नाव वाढीच्या ऋतूवरून पडलेले नाही, टिकण्याच्या गुणावरून पडले आहे. स्क्वॉश हा शब्द उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून इंग्रजीत आला, आणि हे फळही मूळचे अमेरिका खंडातलेच. मेक्सिकोतील वाहाका प्रांतातील एका गुहेत या कुळातील लागवडीच्या फळाच्या ज्या बिया सापडल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके तेथील लोक एकाच शेतात एकत्र घेत. मका घेवड्याला आधार देई, घेवडा जमिनीचा कस वाढवी आणि भोपळ्याची रुंद पाने जमिनीवर सावली धरून ओलावा राखीत. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ही फळे जगभर पसरली आणि मिरची व बटाटा यांच्याप्रमाणे भारतातही आली. येथे ती इतकी रुळली की आज उपासाच्या फराळातही तांबडा भोपळा निःशंकपणे चालतो, आणि भोपळ्याचे घारगे परदेशी पाहुण्यापासून केले आहेत अशी शंकाही कोणास येत नाही.

आता जयपूरच्या पश्चिमेकडील खातीपुऱ्याकडे वळू. राजस्थानी बोलीत खाती म्हणजे सुतार. एके काळी शहराबाहेर असलेली ही वस्ती आज झोटवाडा आणि वैशालीनगर यांच्या सोबतीने शहरात पुरती मिसळून गेली आहे. तरीही जुन्या घरांमागे, कुंपणाच्या कडेला, गच्चीच्या जिन्यापाशी चार-दोन वेल लावण्याइतकी जागा अनेकांपाशी आहे. जमीन वालुकामिश्रित, भुसभुशीत, पाणी चटकन पिऊन टाकणारी. जयपूरचा वार्षिक पाऊस सुमारे ६० सेंटिमीटर. पुण्याच्या मानाने तो फार कमी आहे असे नाही. परंतु तो जवळजवळ सगळा जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडतो, आणि मागेपुढे असते ते ऊन, वारा आणि लू.

पाण्याचे मोल येथे निराळे सांगावे लागत नाही. जमवा रामगढच्या ज्या सरोवराने जयपूरला अनेक दशके पाणी दिले, ज्यावर १९८२ च्या आशियाई खेळांतील नौकांच्या शर्यती झाल्या, ते सरोवर पुढे कोरडे पडले. आता शहराचे पाणी येते ते टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बांधलेल्या बिसलपूर धरणातून. अशा मुलखात लोकांनी भाजी साठविण्याची कला पूर्वापार जोपासली आहे. केर, सांगरी, काचरी या गोष्टी वाळवून वर्षभर ठेवतात, कारण हिरवी भाजी दाराशी येईलच याचा भरवसा नसे. मात्र या सर्व गोष्टींतले पाणी आधी काढून टाकावे लागते. तांबडा भोपळा तेवढा निराळा. त्याच्या गरात दर १०० ग्रॅममागे ९० ग्रॅमच्या आसपास पाणीच असते, आणि ते पाणी पोटात ठेवूनच तो महिनोन् महिने टिकतो. श्रावणात पडलेला पाऊस माघात ताटात वाढावयाचा असेल, तर त्यासाठी याहून साधे भांडे दुसरे नाही.

मात्र हे भांडे वेलावरच घडते. कोठारात नेऊन कच्चा भोपळा टिकाऊ करता येत नाही. म्हणून साठवणीचा विचार पेरणीच्या दिवसापासून करावा लागतो. फळ पूर्ण तयार होण्यास पेरणीपासून साधारणपणे ११० ते १२५ दिवस लागतात. जयपूर भागात पौषात केव्हा केव्हा दहिवर गोठते आणि हिमकणांचा एक झपाटा वेलाला पुरतो. तेव्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, पहिला चांगला पाऊस होताच बी टाकावे, म्हणजे दिवाळीच्या सुमारास फळ हाती येते. फेब्रुवारी-मार्चमध्येही येथे पेरणी करतात. पण ते फळ ऐन उन्हाळ्यात निघते आणि पुढच्या दमट पावसाळ्यात टिकवणे अवघड जाते. साठवणीसाठी पावसाळी पीकच बरे.

वाण निवडताना मोठ्या फळाचा मोह आवरावा. दहा किलोंचा भोपळा शेजाऱ्यांना दाखवावयास चांगला, परंतु एकदा चिरल्यावर चार माणसांच्या घराला तो आठवडाभर पुरून उरतो आणि मग नासतो. बंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने निवडलेला 'अर्का चंदन' हा वाण या दृष्टीने सोयीचा आहे. त्याचे फळ दोन-तीन किलोंचे, गर घट्ट आणि नारिंगी. आणि विशेष हे की त्याची निवड मुळात राजस्थानातील एका स्थानिक वाणातून झालेली आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा विश्वास' हा सुमारे पाच किलोंचे फळ देतो, तर 'पुसा विकास' या वाणाचा वेल आखूड असल्यामुळे लहान जागेत तो सोयीचा पडतो.

अंगणात दोन-अडीच मीटर अंतरावर, दीड हात रुंद आणि एक हात खोल असे खड्डे घ्यावेत. वाळूसारख्या जमिनीत पाणी धरून ठेवणारे काहीतरी हवे, म्हणून निम्मा खड्डा चांगल्या कुजलेल्या शेणखताने भरावा. वर मातीचा किंचित उंचवटा ठेवावा. कारण भोपळ्याला ओल हवी असली तरी मुळाशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. रात्रभर भिजविलेल्या तीन-चार बिया एका खड्ड्यात दोन-तीन सेंटिमीटर खोल टाकाव्यात. उबदार जमिनीत आठवड्याच्या आत अंकुर वर येतात. त्यांतले दोन जोमदार ठेवून बाकीचे काढून टाकावेत. हे काढताना हात कचरतो, पण चार रोपांच्या भांडणात एकालाही धड फळ धरत नाही.

पावसाने ओढ दिली म्हणजे पाण्याची काळजी सुरू होते. यावर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. खड्ड्याच्या मध्यभागी न रंगविलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि त्यावर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते. माती कोरडी असेल तर ती अधिक ओढून घेते, ओली असेल तर झिरपणे आपोआप मंदावते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चीनमधील एका शेतीविषयक ग्रंथात वेलवर्गीय पिकांसाठी हीच युक्ती सांगितलेली आहे. वरून घातलेल्या पाण्यापैकी बराच भाग उन्हात उडून जातो. मडक्यातले पाणी मुळांपाशीच जाते. वेल पसरू लागला की त्याच्या पेरांवर जागोजागी मूठभर माती टाकावी. तेथे नवी मुळे फुटतात आणि वेल अधिक ठिकाणांहून अन्न घेऊ लागतो.

दीड-दोन महिन्यांत मोठी पिवळी फुले येतात आणि नव्या बागवानाची पहिली निराशा येथेच होते. फुले भरपूर, पण फळ एकही नाही. याचे कारण असे की या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, आणि पहिली फुले बहुधा नराचीच असतात. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा आधीपासूनच दिसतो. नर फूल मात्र साध्या लांब देठावर असते. फार उष्ण दिवसांत नर फुले अधिक येतात, हवा जरा निवळली की मादी फुलांचे प्रमाण वाढते. फुले पहाटे उमलतात आणि दुपारपूर्वी मिटतात. त्यांचे पराग जड आणि चिकट असल्यामुळे ते वाऱ्याने उडत नाहीत. मधमाश्यांनी आणि भुंग्यांनीच ते वाहून न्यावे लागतात. अमेरिकेत केवळ या फुलांवर जगणाऱ्या खास माश्या आहेत. त्या काही भोपळ्याबरोबर भारतात आल्या नाहीत. शहरी वस्तीत मधमाश्या कमी दिसत असतील, तर सकाळी लवकर एक नर फूल खुडावे, त्याच्या पाकळ्या सोलून काढाव्यात आणि आतला परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. दोन मिनिटांचे काम आहे; पण पुष्कळ घरी वर्षाचे पीक तेवढ्यावरून राहते.

शत्रूंमध्ये पहिला मान तांबड्या भुंगेऱ्याचा. रोप दोन पानांचे असतानाच तो पानांची चाळण करतो. पहाटेच्या गारव्यात हे किडे सुस्त असतात, तेव्हाच ते वेचून काढावेत. दवाने ओल्या पानांवर चुलीची चाळलेली राख भुरभुरविण्याचा जुना रिवाजही उपयोगी आहे. दुसरी शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते आणि अळ्या आतून गर खातात. बाहेरून सुईच्या टोकाएवढा डाग दिसतो, आणि साठवणीत तेच फळ आधी सडते. म्हणून फळ लिंबाएवढे झाले की त्यावर कागदाची किंवा जुन्या मलमलीची पिशवी बांधावी. आणि किडलेले फळ नुसते कुंपणाबाहेर न फेकता खोल पुरावे, नाही तर तोच पुढच्या पिढीचा पाळणा ठरतो. पानांवर पांढरी भुरी आली, तर रोगट पाने काढून वारा खेळता ठेवावा. साठवणीशी या रोगाचा जवळचा संबंध आहे. पाने अकाली वाळली की फळात पिष्ट भरत नाही, आणि असे फळ पुढे फिकेही लागते आणि टिकतही नाही.

एका वेलावर दोन किंवा तीनच फळे ठेवावीत आणि मग शेंडा खुडावा. फळाखाली वीट, खापरी किंवा गवताची चुंबळ ठेवावी, म्हणजे ओल्या मातीचा स्पर्श होत नाही. कोकणात गोठ्याच्या छपरावर वेल चढवितात, त्यात हीच सोय साधलेली असते.

यापुढे खरी परीक्षा आहे, आणि ती बागवानाच्या धीराची आहे. दसऱ्याच्या सुमारास फळ पूर्ण आकाराचे झालेले असते. ते भरदार दिसते, घरातली मुले रोज त्यावर टिचकी मारून पाहतात, आणि आता तोडावयास काय हरकत आहे असे सर्वांनाच वाटते. हरकत हीच की आकार पूर्ण होणे आणि फळ पक्व होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकार आधी पूर्ण होतो. त्यानंतर कित्येक आठवडे वेल त्यात पिष्ट भरीत असतो, बी पोसत असतो आणि साल कठीण करीत असतो. त्या वेळी तोडलेल्या भोपळ्याची भाजी होते, पण तो महिनाभरही नीट राहत नाही. चार महिने घातलेले पाणी, खत आणि श्रम चार आठवड्यांच्या घाईने वाया जातात.

पक्व फळाच्या खुणा ठरलेल्या आहेत. सालीवरची तुकतुकी जाऊन ती निस्तेज होते आणि तिच्यावर मेणासारखा थर दिसतो. हिरवा रंग जाऊन बदामी किंवा पिवळसर छटा येते. जमिनीला टेकलेला भाग पांढरट असतो तो पिवळा होतो. देठ हिरवा, रसरशीत न राहता लाकडासारखा वाळतो. आणि सर्वांत भरवशाची खूण नखाची: अंगठ्याचे नख सालीवर दाबले असता ते आत न रुतता घसरले पाहिजे. या खुणा दिसू लागल्या की आठ-दहा दिवस आधी पाणी तोडावे.

तोडणी कोरड्या दिवशी, दव वाळल्यावर करावी. फळ ओढू किंवा पिरगळू नये. धारदार कोयत्याने दोन-तीन इंच देठ ठेवून कापावे. देठ हे या भांड्याचे बूच आहे. ते निखळले की त्या जागी बुरशीला दार उघडे मिळते. म्हणून देठाला धरून भोपळा उचलण्याची सवय घातक आहे. तो दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलासारखा खालून उचलावा. टोपलीत आदळू नये आणि धुऊ तर मुळीच नये. ज्याचा देठ तुटला, ज्याला खोक पडली, तो भोपळा साठवणीच्या रांगेतून काढून लगेच स्वयंपाकघरात न्यावा.

यानंतर आठ-दहा दिवस फळांना ऊब द्यावयाची. २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता आणि खेळती हवा मिळाली की सालीवरील बारीक ओरखडे बुचासारख्या थराने भरून येतात आणि साल आणखी घट्ट होते. दिवाळीच्या आगेमागे जयपूरचे दिवस नेमके असेच असतात, त्यामुळे वेगळी खटपट करावी लागत नाही. ओसरीत किंवा गच्चीवर फळे सुटी मांडावीत, दिवसातून एकदा फिरवावीत आणि रात्री गारव्यापासून पोत्याने झाकावीत.

कायमच्या जागेसाठी १० ते १५ अंश उष्णता आणि बेताची दमट हवा उत्तम. जयपूरच्या हिवाळ्यात उत्तरेकडची, जाड भिंतींची, ऊन न येणारी खोली बहुधा याच्या आसपास असते. आणि म्हणूनच हे फळ या हवामानाला इतके मानवते. फरशीवर भोपळा ठेवू नये, तेथे ओल धरते. लाकडी फळी किंवा जुनी बाज घ्यावी, तीवर वाळले गवत पसरावे आणि फळे एकमेकांस न टेकतील अशी एकाच थरात मांडावीत. जवळ पिकती सफरचंदे किंवा केळी असू नयेत. त्यांतून निघणाऱ्या वायूने भोपळा लवकर उतरतो. शीतकपाट सुरक्षित वाटते, पण अखंड भोपळ्याला तेथील चार-पाच अंशांचा गारठा बाधतो आणि बाहेर काढल्यावर तो झपाट्याने कुजतो. दर आठवड्याला एकेक फळ उलटून पाहावे. एखाद्यावर मऊ डाग दिसला की त्याच दिवशी तो भोपळा चिरावा. एकाची कुज दुसऱ्याला लागते.

साठवणीत भोपळा नुसता पडून नसतो. गरातील पिष्टाची हळूहळू साखर होत असते, म्हणून तोडल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी चिरलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो. संक्रांतीचे घारगे दिवाळीच्या घारग्यांपेक्षा सरस होण्याचे कारण हेच. गराचा नारिंगी रंग कॅरोटीन या द्रव्याचा आहे. शरीरात त्याचे अ जीवनसत्त्व होते, आणि लहान मुलांच्या दृष्टीला ते किती आवश्यक आहे हे सर्वश्रुत आहे. होळीपर्यंत, फार तर पाडव्यापर्यंत हा साठा चालतो. पुढे ऊन तापू लागले की शेवटचे फळ संपवून टाकावे. मात्र कोणताही भोपळा चाखताना कडू लागला, तर तो शिजवून सुधारेल अशी आशा न धरता टाकून द्यावा. तो कडवटपणा विषारी द्रव्याचा असतो.

शेवटचे काम बियांचे. जो भोपळा सर्वांत अधिक दिवस टिकला, त्याच्याच बिया पुढील वर्षासाठी ठेवाव्यात. धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून, राखेत मिसळून त्या बरणीत ठेवल्या की तीन-चार वर्षे उगवतात. शेजारी दुसऱ्या प्रकारचा तांबडा भोपळा असेल तर संकर होऊ शकतो. म्हणून बियांसाठी राखलेले मादी फूल आणि त्यासाठी लागणारे नर फूल, दोन्हींच्या कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधाव्यात, सकाळी हाताने परागण करावे आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकावे. दुधी भोपळ्याशी मात्र याचा संकर होत नाही. ती भीती निराधार आहे.

अशा रीतीने टिकाऊ फळाचे बी वर्षानुवर्षे निवडीत गेले, तर खातीपुऱ्यातील एखाद्या परसात त्या मातीला, त्या पावसाला आणि त्या घराला साजेसा वाण हळूहळू तयार होतो. मोठमोठ्या संशोधन संस्थांचे काम ज्या स्थानिक वाणांतून सुरू झाले, तेही कोणा ना कोणा कुटुंबाने असेच राखलेले होते. विळ्या-भोपळ्याचे सख्य नसते हे खरेच. पण कार्तिकापर्यंत विळा आवरून धरला, तर फाल्गुनात दोघांची गाठ आनंदाने घालून देता येते.